शेठचं ना-हरकत पत्र

४ फेब्रुवारी

नव्या सरकारी रुग्णालयाच्या कठड्यांचं काम बाहेर द्यायचं नक्की झालं. बातमी सकाळी पाइपवाल्यानं दिली. त्याच्या बातमीवर मी रस्ता ओलांडतानासुद्धा भरवसा ठेवणार नाही, म्हणून दुपारी मुख्य कंत्राटदाराच्या खरेदीसाहेबांना स्वतः फोन केला. ते म्हणाले, "हो मॅडम, खरं आहे."

मॅडम! गेल्या वर्षी याच माणसानं मला गेटवर ताटकळत ठेवून आतून निरोप पाठवला होता, "ती वेल्डिंगवाली बाई आलीय, तिला उद्या यायला सांगा." आता सरकारनं नियम केलाय की एवढ्या मोठ्या कामातला ठरावीक वाटा कंत्राटदारानं बायकांच्या मालकीच्या छोट्या धंद्यांना द्यायचा. नाही दिला तर त्याचं बिल अडतं. बिल अडायची वेळ आली की पुरुषमाणसांना स्त्रीजातीबद्दल फार आदर वाटायला लागतो.

असो. मला हे काम हवंय. दोन इमारती, सगळे जिने, सगळे रॅम्प, म्हणजे वर्षभर भट्टी पेटती राहील. लोक हल्ली गॅलरीला तयार काचा बसवतात. माझ्याकडे येतात ते कुत्र्याचा पिंजरा करून द्याल का, हे विचारायला. हे काम मिळालं तर वर्कशॉप राहील. नाहीतर शेडचा करार संपला की शटर ओढायचं आणि धाकट्या भावाच्या विमा ऑफिसात फोन घ्यायला बसायचं. खुर्ची त्यानं मला आत्ताच दाखवून ठेवलीय. "ताई, गोल फिरते बघ," म्हणाला. मी काय पाच वर्षांची आहे?

७ फेब्रुवारी

सरकारी संकेतस्थळावर सकाळ घालवली. "महिला उद्योजकांसाठी संधी शोधा" असं जांभळ्या रंगात लिहिलेलं आहे. त्यावर बोट ठेवलं की एक हसरी बाई दिसते. डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात गुलाबी फाइल. तिच्याखाली पुन्हा "संधी शोधा". असं तीनदा शोधल्यावर गेल्या वर्षीच्या कामांची यादी उघडली. सगळी कामं दिलेली, संपलेली, एक तर पडलेलीसुद्धा. म्हणजे संधी कुठे होती, ते शोधायचं. पुराणवस्तू खात्यानं चालवायला हवं हे.

एक गोष्ट मात्र कळली. नुसतं बाईचं नाव असून भागत नाही, महिला-मालकीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पाहणी करायला माणूस येतो आणि धंदा खरंच बाई चालवते का, ते बघतो. हे उत्तम झालं. या गावात निम्म्या धंद्यांच्या पाटीवर बायकोचं नाव आणि गल्ल्यावर नवरा. त्या सगळ्या कागदी मालकिणी आता उघड्या पडतील.

१२ फेब्रुवारी

पाइपवाला नवा दर घेऊन आला. पोलाद महागलंय म्हणे. त्याच्या पोटाचा घेर आणि पोलादाचा भाव कधी उतरलेले मी पाहिले नाहीत.

नेहमीसारखं म्हटलं, "शेठना विचारून सांगते."

मग आत गेले. आत पाण्याचा पिंप आणि एक मोडकं स्टूल आहे. ग्लासभर पाणी प्यायले. कामावरच्या मिस्त्रींना खूण कळते. त्यांनी तेवढ्यात ग्राइंडर चालू केला, म्हणजे आत बोलणं चाललंय की नाही ते बाहेर कळत नाही. बाहेर येऊन तोंड पाडून म्हटलं, "शेठ म्हणतात, जुन्या दरानं देत असतील तर ठीक, नाहीतर दुसरीकडून घे."

पाइपवाल्यानं कपाळाला हात लावला. "तुमचे शेठ म्हणजे दगड आहेत हो ताई. तुम्ही समजून घेता, पण ते…"

"काय करणार, मी सांगून बघितलं."

जुना दर मिळाला.

बाबा गेले आणि वर्कशॉप माझ्याकडे आलं, तेव्हापासून शेठ आहेत. बाई नाही म्हणाली की लोक तासभर समजूत घालत बसतात. शेठ नाही म्हणाले की उठून जातात. पगार नाही, रजा नाही, जेवायचा डबा नाही. माझ्या धंद्यातला सगळ्यात किफायतशीर माणूस.

१९ फेब्रुवारी

कंत्राटदार आणि उद्योजिका यांचा ओळख मेळावा. पाहुण्यांनी स्त्री ही शक्ती आहे असं सांगितलं आणि जेवायला निघून गेले. शक्ती दोन तास रांगेत उभी होती.

प्रत्येकीला टेबलाशी पाच मिनिटं, मग घंटा. माझ्या पुढे रंगकामवाली एक बाई होती. रुग्णालयाचं आतल्या रंगाचं काम तिला हवंय. नवरा बरोबर. खुर्चीवर नवरा बसला, फाइल नवऱ्यानं उघडली, बोललाही नवराच. ही शेजारी पदर सावरून उभी. मधूनमधून वाकून त्याच्या कानात काही पुटपुटायची की तो लगेच म्हणायचा, "नाही नाही साहेब, दुसऱ्या हाताआधी भिंत वाळायला वेळ हवाच." पुन्हा ती पुटपुटली, की हा, "पुट्टी आमची आम्ही आणणार." बिचारी बहुधा घरी जायची घाई करत होती. खरेदीसाहेब एकदा तिच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?" तर ती म्हणाली, "ते सांगतायत ना." झालं! ही मालकीण. अशा बायकांमुळेच माझ्यासारखीला गेटवर उभं राहावं लागतं.

माझी पाळी आल्यावर मी स्वतः बोलले. पाइपची जाडी, जोड घासण्याची पद्धत, रॅम्पच्या वळणावर हाताला कंगोरा लागू नये म्हणून आम्ही काय करतो, सगळं. खरेदीसाहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, "दरात काही कमी?"

तोंडातून निघून गेलं, "शेठना विचारून सांगते."

घंटा झाली.

३ मार्च

अर्ज भरला. भागीदार: नाही. धंद्यातील पुरुष नातेवाईक: नाही. निर्णय कोण घेते: मी. प्रत्येक ठिकाणी "मी" लिहिताना बरं वाटलं. रंगवालीनं या रकान्यात काय लिहिलं असेल, याची कल्पना करून अर्धा तास मजेत गेला. आई म्हणाली, "एकटीच काय हसतेस?" सांगितलं. ती म्हणाली, "दुसरीच्या घरात डोकावून स्वतःची भाजी करपू देऊ नकोस." आईला प्रत्येक गोष्टीत भाजी दिसते.

११ मार्च

पाहणी झाली. अधिकारी बाई तरुण, बारीक अंगाच्या. चष्मा एवढा मोठा की चेहरा त्याच्यामागे राहायला आल्यासारखा. मी सगळं दाखवलं. वेल्डिंगचं यंत्र मी स्वतः निवडलंय, मापं मी घेते, एक जोड समोर घासूनही दाखवला. मग बाई म्हणाल्या, "मला कामगारांशी एकट्यानं बोलायचंय. तुम्ही तोवर ओळखपत्राच्या झेरॉक्स आणता का?" आनंदानं गेले. माझ्या माणसांना काय विचारायचं ते विचारू दे.

परत आले तर बाई गाडीत बसत होत्या. माझ्याकडे बघून नुसत्या म्हणाल्या, "कळवू."

१२ मार्च

मिस्त्रींकडून आज सगळं ऐकलं. ते बाबांच्या वेळेपासून आहेत. माणूस सोन्यासारखा, म्हणजे जड आणि वाकवला तसा वाकणारा.

बाईंनी विचारलं, "इथे शेवटचा शब्द कोणाचा?"

मिस्त्री म्हणाले, "शेठचा."

"कुठे असतात शेठ?"

"आत."

बाई आत गेल्या. पिंप आणि स्टूल बघून आल्या. "आत तर कोणी नाही."

"मग बाहेर गेले असतील," मिस्त्री म्हणाले. आणि वर मदत म्हणून, "फार कडक आहेत. ताईंचंसुद्धा ऐकत नाहीत."

मी डोकं धरून बसले. म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला ठाऊक आहे ना, शेठ नाहीत म्हणून?"

"ठाऊक आहे की. पण बाहेरच्या माणसापुढे कधी कबूल करायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"अहो, पण ते सरकार होतं!"

"सरकार काय घरचं आहे?"

यावर मी त्यांना ओरडले.

बाईंनी जाताना पाइपवाल्यालाही फोन केला होता. तो म्हणाला म्हणे, "ताई गरीब आहेत हो. निरोप आणतात आणि नेतात. कारभार सगळा शेठचा." इतकी वर्षं हा मला जुन्या दरात पाइप देतोय आणि मी गरीब!

१८ मार्च

पत्र आलं. धंद्यावर पुरुष व्यक्तीचं प्रत्यक्ष नियंत्रण असल्याचं पाहणीत दिसून आलं. सबब प्रमाणपत्र देता येत नाही. मात्र सदर व्यक्तीनं आपला या धंद्यात कोणताही हक्क नाही असं ना-हरकत पत्र समक्ष येऊन सही करून दिल्यास अर्जाचा फेरविचार होईल.

कार्यालयात गेले. अधिकारी बाईंना म्हटलं, "अहो, असा माणूसच नाही. मी बनवलाय त्याला."

"कशासाठी?"

"भाव करायला."

त्या चष्म्यातून बघत राहिल्या. "म्हणजे तुम्ही नाही म्हटलेलं चालत नाही?"

"चालत नाही असं नाही. वेळ जातो."

"तुमचे कामगार, तुमचे व्यापारी, सगळे एका माणसाचं नाव सांगतात आणि तुम्ही म्हणता तो नाही. मी काय लिहू?" मग थोडं नरमून म्हणाल्या, "नसलेल्या माणसाचं पत्र आणता येत नसेल, तर फेरपाहणी मागा. व्यापाऱ्यांना समोर बोलवा. आणि ज्यांना प्रमाणपत्र मिळालंय अशा एखाद्या उद्योजिकेचं तुमच्याबद्दल लेखी निवेदन जोडा."

"कोणाला मिळालंय?"

"रुग्णालयाच्या कामासाठी अर्ज केलेल्यांपैकी सध्या एकीलाच. रंगकामवाल्या."

मी खुर्चीवरून उठलेले पुन्हा बसले. ही पाहणी आहे की सोडत?

१९ मार्च

काल संध्याकाळी भाऊ आला. गोष्ट ऐकून इतका हसला की आईनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं. मग डोळे पुसून म्हणाला, "सोपं आहे ताई. मी होतो शेठ. उद्या जातो, सही करतो, हक्क सोडतो. पाच मिनिटांचं काम."

"तू कधी पाइप हातात धरलायस?"

"शेठनं तरी कुठे धरलाय?"

खरं सांगायचं तर रात्रभर मोह झाला. सही झाली की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र झालं की काम. पण सकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यानं सोडून दिलं असं लिहायचं म्हणजे आधी त्याचं होतं असं लिहायचं."

भावाला फोन करून नको म्हटलं. तो दुखावला. "मी तुझ्या भल्यासाठीच…" तसा तो वाईट नाही. लोकांच्या मरणाचे हप्ते गोळा करून करून त्याला सगळं सहीनं सुटतं असं वाटायला लागलंय.

२२ मार्च

फेरपाहणीचा अर्ज दिला. मग एकेका व्यापाऱ्याला फोन करून खरं सांगायला बसले. पहिला पाइपवाला.

"एक सांगायचं होतं. शेठ नाहीत."

पलीकडून, "अरेरे! कधी?"

"कधीच नव्हते."

"असं बोलू नये ताई. माणूस गेल्यावर राग धरू नये."

"अहो, गेले नाहीत. नव्हतेच. मीच होते."

"हो हो, तुम्हीच सगळं केलंत त्यांचं. आम्ही बघत होतो ना." आवाज जड झाला. "कडक होते, पण शब्दाचे पक्के. मग आता धंदा कोण बघणार?"

मी फोन ठेवला. संध्याकाळी त्यानं मुनीमाच्या हातून शुभ्र फुलं पाठवली. मिस्त्रींनी ती पिंपावर ठेवली. काढायला लावली.

बाकीच्यांची तऱ्हा फार वेगळी नाही. बोल्टवाला म्हणाला, "म्हणजे आता दराचं तुमच्याशीच बोलायचं?" आणि लगेच दर चढवला. लोखंड कापायच्या चकत्यांचा व्यापारी म्हणाला, "मला पहिल्यापासून संशय होता," आणि त्यानंही चढवला. दोघांनाही नाही म्हटलं. आत न जाता. पहिल्यानं चाळीस मिनिटं समजूत घातली, दुसऱ्यानं त्याहून थोडी कमी. कानाची पाळी लाल झाली. शेठच्या काळात या वेळात एक अख्खा जिना जोडून झाला असता.

२५ मार्च

रंगवालीकडे गेले. जावं लागलं. निवेदन देऊ शकेल अशी दुसरी कोणी नाही.

गोदामात डब्यांच्या राशी, मधे टेबल. नवरा दारातच भेटला. "या, या, बसा, काय सेवा करू," असं दहा वाक्यं बोलला. तेवढ्यात ती आतून आली. हातावर कोपरापर्यंत पांढरा रंग. त्याला म्हणाली, "तुम्ही जरा ट्रक मोजून घ्या," आणि तो मुकाट गेला. घरचं माणूस कामाला लावायला वेळ लागत नाही.

मी सगळं सांगितलं. तिला हसू आलं नाही, याचंच नवल वाटलं. ती म्हणाली, "मला नवरा आहे, म्हणून मी त्याला बोलायला ठेवलं. त्याला बोलायची हौस, मला वेळ नाही. तुम्हाला नवरा नाही, तर तुम्ही शेठ बनवला. फरक एवढाच की माझा बोलका माणूस अर्जात लिहिलेला आहे. पगारपत्रकात सुद्धा. पद, संवाद अधिकारी."

"पण टेबलाशी तुम्ही बोलला नाहीत."

"आकडे कोण सांगत होतं?"

आगाऊ आहे बाई.

"निवेदन देते," ती म्हणाली. "पण एक अट. कठडे आधी, रंग नंतर. तुमची माणसं रंगलेल्या भिंतीजवळ ग्राइंडर चालवतात, ठिणग्या उडतात, भिंतीवर काळे ठिपके पडतात आणि दोष माझ्या रंगाला येतो. एकदा रंगासाठी परांची बांधून घेतली आणि तुम्ही आला नाहीत, तर मी थांबणार नाही."

"माझी माणसं ठिणग्यांना पडदा लावतात."

"लावत नाहीत. मी दोन कामांवर बघितलंय."

लावत नाहीत, हे खरं आहे. पण हिला कोणी सांगितलं बघायला? अट मान्य केली. निवेदन तिनं तिथेच उभ्याउभ्या लिहिलं. कठडेवाल्या बाई मापं स्वतः घेतात आणि भावात कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, असं. भाषा जरा रांगडी आहे. चहासुद्धा विचारला नाही. नवऱ्यानं विचारला.

२८ मार्च

खरेदीसाहेबांचा फोन. "मॅडम, प्रमाणपत्राचं होईल असं ऐकतोय. पण दर बसत नाही. शेठना सांगा, हलक्या प्रतीचा पाइप घाला. दिसायला सारखाच."

"शेठ कोणी नाही साहेब. मीच आहे."

"मग उत्तमच. मग अडचण काय?"

बघा! शेठ होते तेव्हा निदान अडचण काय ते विचारत नव्हते.

म्हटलं, "हलका पाइप रॅम्पवर चालणार नाही. रुग्णालयात रोज जंतुनाशकानं पुसतात. वर्षात गंज धरेल आणि जोडाशी फुटेल. ज्याला पायावर उभं राहता येत नाही, तो माणूस त्या कठड्यावर सगळं वजन टाकणार. दर तोच राहील."

"अहो मॅडम, जरा विचार करा…"

"केलाय."

"म्हणजे एवढंसुद्धा…"

"नाही."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. हा भाग अवघड आहे. एखादा शब्द घालून पोकळी भरावी, असं जिभेच्या टोकाशी आलं होतं. शेवटी तो म्हणाला, "यादी तीन तारखेला बंद होतेय. तुमचं प्रमाणपत्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर काम दुसरीकडे द्यावं लागेल." आणि फोन ठेवला. दराबद्दल पुढे काही बोलला नाही. मान्य केला असं बोलला नाही, आणि नाही असंही.

२ एप्रिल

फेरपाहणी उद्याची ठरली, असं अधिकारी बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. आधी मिस्त्रींशी बोलणार, मग पाइपवाल्याशी, मग माझ्याशी. पाइपवाला येतो म्हणालाय. मला भीती आहे, सांत्वनाला आल्यासारखा पांढऱ्या कपड्यांत येईल.

दुपारी मिस्त्रींनी यंत्र बंद केलं आणि जवळ आले. "ताई, बाईंनी विचारलं तर काय सांगू?"

"जे आहे ते."

ते हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले, "रागावू नका. पण तुम्ही आतून बाहेर यायचात ना, तेव्हा तुमचा आवाज वेगळा असायचा. कधीकधी मलासुद्धा वाटायचं, आत कोणीतरी आहे."

"मूर्खासारखं बोलू नका."

"तेच," ते म्हणाले. "हाच आवाज. उद्या बाईंसमोर हाच काढा."

त्यांना कामाला पाठवलं. काय बोलतील उद्या देव जाणे.

प्रमाणपत्र मिळालं तर जागच्या जागी देतात, असं रंगवाली म्हणते. मिळालं तर बाईंची गाडी गेली की लगेच रुग्णालयावर जायचं आणि दोन्ही इमारतींच्या रॅम्पची मापं उद्याच संपवायची. परवा रंगवालीची माणसं परांची बांधतायत, मग रॅम्पवर माप घ्यायला जागा राहणार नाही. ती थांबणार नाही. नवरा म्हणतो थांबू, पण त्याला विचारतंय कोण.